कोकणातून मानसिक आरोग्याच्या पदव्युत्तर शिक्षणाकडे: कोणत्या पदवीतून कोणती वाट निघते

मानसिक आरोग्यात पुढचे शिक्षण घ्यायचे आहे, कोणता कोर्स करू, असे कोकणातून विचारणाऱ्यांमध्ये मानसशास्त्राचे पदवीधर थोडेच असतात. विचारणारी व्यक्ती बहुधा उपजिल्हा रुग्णालयातील परिचारिका असते, तालुक्याच्या बाजारपेठेत दवाखाना चालवणारा होमिओपॅथीचा डॉक्टर असतो, माध्यमिक शाळेतील शिक्षिका असते, नाहीतर एमएसडब्ल्यू (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) करून एखाद्या प्रकल्पावर कंत्राटी काम करणारा कार्यकर्ता असतो. या सगळ्यांना आपापल्या जागी एकाच प्रकारचा माणूस भेटलेला असतो: छातीत धडधडते म्हणून चार वेळा ईसीजी काढलेला, झोप लागत नाही म्हणून मेडिकलमधून गोळ्या घेतलेला, आणि शेवटी बाहेरची बाधा असेल म्हणून भगताकडे जाऊन आलेला. त्याच्यासाठी आपल्याला अधिक काही करता यायला हवे होते, ही हळहळ खरी असते. मात्र त्या हळहळीच्या भरात जाहिरात पाहून फी भरली की पुढे पस्तावण्याची वेळ येते. मी स्वतः समाजकार्यातून या क्षेत्रात आलो आणि वाटेत एक वर्ष व बरेच पैसे एका भारदस्त नावाच्या पदविकेवर घालवले, जिचा पुढे एकाही नोंदणीसाठी उपयोग झाला नाही. म्हणून हा लेख कोर्सच्या नावापासून सुरू न करता कायद्यापासून सुरू केला आहे.

आधी काम ठरवावे, पदवी त्यानंतर

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' कोणाला म्हणायचे हे त्यात व्याख्येसह सांगितले आहे. मनोविकारतज्ज्ञ त्यात येतातच. शिवाय राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोविकृती सामाजिक कार्यकर्ते (सायकियाट्रिक सोशल वर्कर) येतात, आणि आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी व सिद्ध या पद्धतींतील संबंधित विषयाचे पदव्युत्तर पदवीधरही येतात. याच कायद्याचे कलम १०६ असे सांगते की कोणत्याही मानसिक आरोग्य व्यावसायिकाने आपल्या व्यवसायशाखेने अधिकृत न केलेले औषध किंवा उपचार देऊ नयेत. थोडक्यात, शिक्षण कितीही वाढवले तरी मूळ शाखेची कुंपणे उठत नाहीत. मनोविकारशास्त्रात एम.डी. (होमिओपॅथी) केलेला डॉक्टर कायद्याने मानसिक आरोग्य व्यावसायिक ठरतो, पण तो वैद्यक शाखेतल्या एम.डी. मनोविकारतज्ज्ञाच्या जागी बसत नाही. हे प्रवेशाआधी समजले तर अपेक्षाभंग टळतो.

म्हणून पहिले काम वहीत करायचे आहे. पुढच्या दहा वर्षांत आपल्याला नेमके काय करायचे आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. औषधे लिहून द्यायची आहेत, की मानसशास्त्रीय चाचण्या घेऊन निदानात भाग घ्यायचा आणि मानसोपचार करायचे आहेत? रुग्ण घरी परतल्यावर त्याचे घर, नोकरी आणि गावातले स्थान पुन्हा उभे करायचे आहे, की शाळेतल्या मुलांसोबत काम करायचे आहे, की जिल्हा पातळीवर कार्यक्रम चालवायचा आहे? यांतल्या प्रत्येक उत्तराला वेगळी पदवी, वेगळी परिषद आणि वेगळी नोंदणी लागते. 'मला समुपदेशन करायचे आहे' हे उत्तर यासाठी पुरे पडत नाही, कारण ते काम वरच्या सगळ्याच भूमिकांत कमी-अधिक असते.

आपल्या मूळ शाखेतून निघणारी वाट

एमबीबीएस डॉक्टरांसाठी वाट सरळ आहे, म्हणून तिच्यावर फार शब्द खर्च करत नाही. नीट-पीजी परीक्षेतून तीन वर्षांचा एम.डी. मनोविकारशास्त्र किंवा तितक्याच कालावधीचा डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदव्युत्तर पात्रता) हे दोन पर्याय आहेत. एम.डी.च्या काळात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे आता सक्तीचे आहे, आणि किनाऱ्यावर परतू इच्छिणाऱ्याने ते तीन महिने हक्काचे मानून वापरावेत. ज्यांना एम.डी. करायचे नाही, पण प्राथमिक आरोग्य केंद्रात राहून मनोरुग्णांना सांभाळायचे आहे, त्यांनी कायद्याचे कलम ९४ तरी नीट वाचावे. आणीबाणीच्या प्रसंगी कोणत्याही नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला मर्यादित काळासाठी, म्हणजे जास्तीत जास्त ७२ तासांपर्यंत, मानसिक आजारावर तातडीचे उपचार करण्याची मुभा तेथे दिली आहे. घाट उतरून मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा काळ ज्यांच्या हातात असतो, त्यांच्यासाठी ही तरतूद महत्त्वाची आहे.

परिचारिकांच्या बाबतीत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. कायद्यातील मानसिक आरोग्य परिचारिकेची व्याख्या रुंद आहे. भारतीय परिचर्या परिषदेने मान्य केलेली सर्वसाधारण परिचर्येची पदविका किंवा पदवीही तिच्यात बसते. म्हणजे परिचारिकेला पुढचे शिक्षण कायद्याच्या परवानगीसाठी घ्यावे लागत नाही. ते कौशल्यासाठी, पदासाठी आणि पुढे शिकवण्याच्या पात्रतेसाठी घ्यायचे असते. त्यानुसार निवड करावी. वॉर्डातच राहून काम सुधारायचे असेल तर मनोविकृती परिचर्येची एक वर्षाची पदविका पुरते. नर्सिंग महाविद्यालयात शिकवायचे असेल तर दोन वर्षांचे एम.एस्सी. नर्सिंग, मानसिक आरोग्य परिचर्या हा विषय घेऊन, करावे लागेल, त्यासाठी बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग, ५५ टक्के गुण आणि किमान एक वर्षाचा अनुभव हवा.

मानसशास्त्राच्या पदवीधरांची वाट सर्वांत गोंधळाची झाली आहे, आणि तेथे थोडे थांबावे लागेल. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे नाव लावून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे ज्याला सगळे आरसीआय म्हणतात त्या संस्थेची, नोंदणी लागते. परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय अशा कामात उतरणे हा गुन्हा असून त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. ही नोंदणी इतकी वर्षे प्रामुख्याने दोन वर्षांच्या एम.फिल.मधून मिळत असे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. ही पदवीच बंद केली आणि फक्त क्लिनिकल सायकॉलॉजी व सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांतील प्रवेशांना २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत दिली. आरसीआयने दरम्यान नव्या आराखड्यात बी.एस्सी. ऑनर्स, एम.ए. आणि सायडी (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) असे क्लिनिकल सायकॉलॉजीचे अभ्यासक्रम आणले आहेत. म्हणून काही वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेल्या ताईने किंवा दादाने सांगितलेली वाट आज तशीच्या तशी उरलेली नाही.

यातला सगळ्यात मोठा खड्डा नावाच्या सारखेपणाचा आहे. 'एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी' ही पदवी अनेक विद्यापीठे वर्षानुवर्षे देत आहेत, आणि आता आरसीआयने मान्य केलेल्या नव्या अभ्यासक्रमाचेही नाव तेच आहे. पहिली पदवी शैक्षणिकदृष्ट्या पूर्णपणे वैध असते, पण तिच्या जोरावर नोंदणी मिळत नाही. दुसरीच्या जोरावर मिळते. गुणपत्रिकेवर दोन्हींत काही फरक दिसणार नाही. दुसरा खड्डा दूरस्थ शिक्षणाचा आहे. घरदार, बाग आणि नोकरी सांभाळून पत्राद्वारे मानसशास्त्रात एम.ए. करणे हा कोकणातील अनेकांचा, विशेषतः लग्नानंतर शिकू पाहणाऱ्या महिलांचा, आधार होता. आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित विषयांचे दूरस्थ व ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम चालवू नयेत असे निर्देश दिले आहेत. त्यामुळे अजूनही 'घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी, त्वरित प्रवेश' अशी जाहिरात फोनवर आली, तर ती संशयानेच वाचावी.

समाजकार्याच्या पदवीधरांनी मनोविकृती सामाजिक कार्यकर्ता होण्यासाठी, कायद्याच्या व्याख्येप्रमाणे, एमएसडब्ल्यूनंतर सायकियाट्रिक सोशल वर्कमधील दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. करायचे होते. ती पदवी वर सांगितल्याप्रमाणे मावळतीला लागली आहे. दुसरीकडे, राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम २०२१ या कायद्याने वैद्यकीय व मनोविकृती सामाजिक कार्यकर्ते, क्लिनिकल सोडून इतर मानसशास्त्रज्ञ, विविध समुपदेशक आणि मानसिक आरोग्य सहायक यांना 'वर्तनविषयक आरोग्यविज्ञान' या वर्गात घेतले आहे. आरसीआयच्या यादीत नाव नाही म्हणजे आपला व्यवसाय कायद्यात नाही, असे समजणाऱ्या समुपदेशकांनी या कायद्याला जोडलेली व्यवसायांची अनुसूची मुळातून पाहावी. ज्यांचे एमएसडब्ल्यू व्हायचे आहे, त्यांनी मानसिक आरोग्य हा विशेष विषय असलेलाच अभ्यासक्रम निवडावा. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ पासून समाजकार्य शिकवत आहे आणि तिच्याकडे मानसिक आरोग्यावर भर देणारा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते.

होमिओपॅथी आणि आयुर्वेदाचे डॉक्टर एआयएपीजीईटी या अखिल भारतीय आयुष पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतून पुढे जातात. होमिओपॅथीत मनोविकारशास्त्र हा एम.डी.चा विषय आहे. आयुर्वेदात 'मनोविज्ञान आणि मानसरोग' या विषयाच्या जागा देशभरात मोजक्या आहेत. केरळातील कोट्टक्कल येथे तो शिकवला जातो, आणि कोकण रेल्वेवरून दक्षिणेकडे जाणारी गाडी तिरूर स्थानकापर्यंत नेते, म्हणून आपल्याकडच्या वैद्यांना तो पर्याय वाटतो तितका दूरचा नाही.

ऑक्युपेशनल थेरपिस्टना, म्हणजे रुग्णाला रोजची कामे पुन्हा करता यावीत म्हणून उपचार करणाऱ्यांना, त्यांच्याच शाखेत मानसिक आरोग्य हा पदव्युत्तर विषय घेता येतो. भारतातील ऑक्युपेशनल थेरपीचे पहिले विद्यालय १९५० मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयातच सुरू झाले. शिक्षकांनी मात्र उगाच क्लिनिकलच्या मागे लागू नये. त्यांच्यासाठी एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका आहे. तिच्यात सहा महिने दूरस्थ, तीन महिने प्रत्यक्ष आणि तीन महिने आपल्याच ठिकाणी प्रात्यक्षिक असते. दूरस्थ भाग असूनही ती विश्वासार्ह ठरते, कारण तिच्यात वर्गातले काम आणि देखरेखीखालचे प्रात्यक्षिक दोन्ही आहेत. शाळेतल्या मुलांसोबतच राहायचे असेल तर तेवढ्याने खूप काम होते, आणि गंभीर आजार दिसला की पुढे कुणाकडे पाठवायचे हेही त्यात शिकवले जाते.

मान्यता कशी तपासावी

संस्थेच्या माहितीपत्रकावर 'मान्यताप्राप्त' असे छापलेले असले तरी कोणाची मान्यता, कोणत्या कोर्सला आणि कोणत्या वर्षापर्यंत, असे तीन प्रश्न उरतात. आरसीआय आपल्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची यादी ठेवते आणि त्या यादीत मान्यतेचा कालावधी दिलेला असतो. आपण ज्या वर्षी प्रवेश घेतो ते वर्ष त्या कालावधीत बसले पाहिजे; संस्थेला दोन वर्षांपूर्वी मान्यता होती एवढे पुरत नाही. परिचर्येसाठी भारतीय परिचर्या परिषद आणि आपली राज्य परिषद, वैद्यकासाठी राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग, आणि राज्यातील आरोग्य अभ्यासक्रमांसाठी नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांच्या याद्या अशाच पाहाव्यात. यादीचे पान छापून, त्यावर तारीख घालून, फाइलला लावावे. मी ते केले असते तर सुरुवातीला सांगितलेली पदविका मला दुसऱ्याच दिवशी उघडी पडलेली दिसली असती.

त्यानंतर संस्थेला ईमेलवर, फोनवर नव्हे, एकच प्रश्न विचारावा: हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर माझी नोंदणी कोणत्या परिषदेकडे, कोणत्या नावाने होईल? उत्तरात 'देशात-परदेशात मोठी मागणी आहे' असे काही आले, किंवा 'आमचे स्वतःचे प्रमाणपत्र मिळेल' असे आले, तर तो कोर्स ज्ञानासाठी उपयोगी असू शकेल, पण व्यवसायासाठी नाही. आठवड्याभराचे, महिन्याभराचे 'मास्टर प्रॅक्टिशनर' कोर्स याच जातीचे असतात.

तिसरी तपासणी सुपरव्हिजनची. आठवड्याला किती तास रुग्णांसोबत आणि किती तास अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीत जातात, कोणत्या रुग्णालयात जातात, व्यसनमुक्ती, बालमार्गदर्शन आणि न्यायवैद्यक विभागांत फिरती असते का, हे सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारावे. ज्या कोर्समध्ये रुग्ण दिसत नाही, तो कोर्स मानसिक आरोग्याचा म्हणता येणार नाही, मग त्याची इमारत कितीही देखणी असो.

अर्जाआधीचे वर्ष किनाऱ्यावरच काढावे

प्रवेशासाठी वर्षभर थांबावे लागले तर ते वर्ष वाया जात नाही, कारण कोकणात या कामाचा अनुभव घेण्याजोग्या जागा आहेत. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासून उभे आहे आणि ठाणे, येरवडा व नागपूर यांच्यासह राज्य शासनाच्या चार जुन्या मनोरुग्णालयांपैकी ते एक आहे. तेथे भेटीची किंवा स्वयंसेवेची परवानगी रीतसर पत्र देऊन, आपल्या महाविद्यालयामार्फत किंवा कार्यालयामार्फत मागावी. अचानक जाऊन उभे राहू नये. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात सुरू आहे. त्याच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मनोविकृती सामाजिक कार्यकर्ता आणि मनोविकृती परिचारिका अशी पदे असतात, आणि ते पथक ग्रामीण रुग्णालयांत ठरलेल्या दिवशी बाह्यरुग्ण विभाग घेते. अशा चार-सहा ओपीडी मागे बसून पाहिल्या की या चार भूमिकांतली आपली कोणती, हे वहीतल्या वाक्यापेक्षा स्पष्ट कळते. ठाण्याची 'आयपीएच' (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून या कामात आहे, आणि उत्तर कोकणातल्यांना तिचे कार्यक्रम गाठणे सोपे आहे.

दक्षिणेकडच्या लोकांनी गोव्याकडे पाहावे. सावंतवाडी-दोडामार्गचे रुग्ण नाहीतरी गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातातच. तेथील मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था ही अध्यापन करणारी सरकारी संस्था आहे. गोव्यातच १९९६ मध्ये 'संगथ' ही संस्था स्थापन झाली. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे असे दाखवून दिले की मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण व सातत्याची सुपरव्हिजन मिळालेल्या स्थानिक समुपदेशकांकडून नैराश्याच्या रुग्णांना मोजता येण्याजोगा फायदा होतो. प्राथमिक केंद्रांतील त्यांच्या 'मानस' या संशोधन-चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. नंतरच्या सहा ते आठ बैठकांच्या उपचारपद्धतीचे निष्कर्षही तेथेच प्रसिद्ध झाले. वेगवेगळ्या शाखांतून येणाऱ्यांनी हे काम मुळातून वाचावे, कारण प्रवेशाच्या मुलाखतीत 'तुम्ही मानसशास्त्राचे नाही, मग येथे का?' हा प्रश्न येतोच, आणि त्याचे पुराव्यावर आधारलेले उत्तर आपल्याच किनाऱ्यावर तयार झालेले आहे. 'संगथ' मानसिक आरोग्यातील नेतृत्व या विषयावर गोव्यात अल्पकालीन अभ्यासक्रमही घेत आली आहे. तो पदवी देत नाही, पण डॉक्टर, समाजकार्यकर्ते, संशोधक आणि कार्यक्रम अधिकारी यांना एका वर्गात बसवतो.

बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेची डिजिटल अकादमीही डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते आणि परिचारिका यांच्यासाठी सामुदायिक मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण देते. नोकरी न सोडता सुरुवात करायची असेल तर माझ्या मते ती सर्वांत प्रामाणिक सुरुवात आहे, फक्त तिला पदव्युत्तर पदवीचा पर्याय समजू नये.

वाचनाला जागतिक आरोग्य संघटनेची 'एमएचगॅप' मार्गदर्शिका घ्यावी. ती तज्ज्ञ नसलेल्या आरोग्यसेवकांसाठीच लिहिलेली असून विनामूल्य मिळते. निदानाच्या वर्गवारीसाठी १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेली आयसीडी-११ ही आजारांची आंतरराष्ट्रीय यादी चाळावी. आणि भारताचे आकडे देताना एक काळजी घ्यावी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमधील सध्याच्या मानसिक आजारांचे प्रमाण १०.६ टक्के आले, आणि हा आकडा अर्जांत सर्रास 'महाराष्ट्रात' असे म्हणून लिहिला जातो. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता. मुलाखत घेणाऱ्याच्या हे लक्षात आले तर पुढचे सगळे बोलणे फिके पडते.

उद्देशपत्र लिहिताना

बहुतेक संस्था अर्जासोबत उद्देशपत्र मागतात, आणि बहुतेक उद्देशपत्रे 'मला लहानपणापासून माणसांची आवड आहे' अशी सुरू होतात. आपल्याकडे लिहिण्यासारखे त्याहून बरेच आहे. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बागा झोपवून गेले. पन्नास वर्षांची नारळ-पोफळीची बाग एका दुपारी गेलेल्या माणसाला नुकसानभरपाईच्या पंचनाम्यात दुःखाचा रकाना नसतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले, त्याच दिवसांत महाडजवळ तळियेत दरड कोसळली, आणि जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीत तेच घडले. पावसाचा आवाज वाढला की रात्रभर जागी राहणारी मुले, दरड कोसळण्याच्या भीतीने दर जूनमध्ये नातेवाइकांकडे राहायला जाणारी कुटुंबे, हे आपत्तीनंतरच्या मानसिक आरोग्याचे विषय आहेत. मुले मुंबईला आणि आईवडील बंद घरांच्या वाडीत, ही इथली जुनी मांडणी वृद्धांच्या एकाकीपणाकडे आणि नैराश्याकडे पाहण्याची खिडकी आहे. महिनोन्महिने बोटीवर असणारे तांडेल आणि खलाशी, त्यांच्यातले दारूचे प्रश्न आणि मागे राहिलेल्या बायकांची काळजी, हाही तसाच विषय आहे.

यांपैकी जे आपण स्वतः पाहिले तेवढेच लिहावे: कुठे, कोणत्या भूमिकेत, काय करता आले आणि कोणत्या टप्प्यावर आपले ज्ञान संपले. तो शेवटचा टप्पाच अर्जाचा खरा गाभा असतो. रुग्णाचे नाव, वाडीचे नाव आणि ओळख पटेल असा तपशील लिहू नये. लहान गावात वाडी आणि आजार एवढ्यावरूनही घर ओळखले जाते.

भाषा ही आपली जमेची बाजू आहे, ती पत्रात सांगावी. इथला माणूस 'मला नैराश्य आहे' असे म्हणत नाही. जीव घाबरा होतो, डोके जड वाटते, कशात मन लागत नाही, हातापायांतले बळ गेले, असे म्हणतो. नैराश्य तपासण्याची नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ प्रश्नावली प्रमाण मराठीत उपलब्ध आहे, पण मालवणी किंवा संगमेश्वरी बोलणाऱ्या आजीला ती जशीच्या तशी वाचून दाखवली तर ती नम्रपणे प्रत्येक प्रश्नाला 'होय' म्हणते. ही अडचण कशी सोडवाल, यावर एक परिच्छेद लिहिता आला तर तो अर्ज वेगळा उठून दिसतो.

कागद, रजा आणि पैसा

वेळापत्रक उलटे मोजावे. सीयूईटी-पीजीचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत सुरू होतात आणि परीक्षा मार्चच्या आसपास होते, म्हणजे कागदांची जमवाजमव गणपतीनंतर लगेच सुरू झाली पाहिजे. राज्यातील परिचर्या व आरोग्य अभ्यासक्रमांसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या सूचना रोज नसल्या तरी दर आठवड्याला पाहाव्यात. अधिवास प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर, स्थलांतर प्रमाणपत्र आणि शिक्षणात खंड असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र, ही नेहमीची यादी आहे. कोकणातल्या विवाहित महिलांची अर्धी धावपळ मात्र नावामुळे होते: गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे आणि नोंदणी परिषदेकडे तिसरेच. राजपत्रात नावबदल करून घेण्यास वेळ लागतो, म्हणून ते काम सर्वांत आधी हाती घ्यावे.

शासकीय सेवेत असलेल्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. मात्र रजा हक्क म्हणून मिळत नाही. शिक्षण आपल्या पदाच्या कामाशी कसे जोडलेले आहे हे अर्जात दाखवावे लागते, आणि परतल्यावर ठरावीक काळ सेवा करण्याचा बंधपत्राचा भाग येतो. नाहरकत प्रमाणपत्र परीक्षेआधी मागावे, निकालानंतर नव्हे. कंत्राटी कर्मचाऱ्यांना ही सोय नाही, आणि त्यांनी नोकरी सुटेल असे गृहीत धरूनच हिशेब करावा.

हिशेबात फीपेक्षा राहण्याचा खर्च जास्त भरतो. मुंबई, पुणे किंवा बेंगळुरू येथे दोन वर्षे राहायचे तर भाडे, जेवण आणि प्रवास यांची बेरीज शासकीय संस्थेतील फीच्या पुढे जाते. चाकरमानी काका-मामांच्या दोन खोल्यांत एक पथारी मिळते हे खरे, पण क्लिनिकल कोर्समधले रात्रीचे लिखाण आणि मनावर येणारा ताण लक्षात घेता स्वतःची जागा असावी असे मी सुचवेन. महाडीबीटीवरील शिष्यवृत्त्यांचे अर्ज प्रवेश होताच भरावेत. ज्या कोर्समध्ये विद्यावेतन मिळते, त्यांची निवड करताना त्या रकमेलाही वजन द्यावे.

शिकताना आणि परतल्यावर

प्रबंधाचा विषय शक्यतो आपल्या जिल्ह्यातला घ्यावा आणि माहिती गोळा करण्याचे वेळापत्रक इथल्या पंचांगावर बेतावे. गणपतीत आणि शिमग्याला वाडी भरलेली असते. त्या आठवड्यात घेतलेली वृद्धांच्या एकाकीपणाची मोजणी चुकीचे चित्र देईल. मच्छीमारांना भेटायचे तर जून-जुलैची मासेमारीबंदी हाच काळ, आणि बागायतदारांकडे आंब्याच्या हंगामात प्रश्नावली घेऊन जाऊ नये. संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची परवानगी यायला महिने जातात, त्यामुळे पहिल्याच सत्रात प्रस्ताव मांडला तर ही वेळ जुळते.

भगत, गुरव आणि देवस्की यांच्याशी कसे वागायचे, हा प्रश्न शहरातल्या वर्गात चर्चेपुरता असतो, पण परतल्यावर तो रोजचा होतो. रुग्णाचे कुटुंब देवळात गाऱ्हाणे घालून आले असेल तर त्यावरून त्याला हिणवू नये. गोळ्या चालू आहेत ना आणि अंगावर कोणी मारहाण, चटके देत नाही ना, एवढे दोन प्रश्न ठामपणे विचारावेत. अघोरी उपाय होत असल्यास राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि त्याचा वापर करण्यास कचरू नये.

पदवी हातात आल्यावर नोंदणीचा अर्ज त्याच महिन्यात करावा. आरसीआयची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि त्यासाठी सतत शिक्षणाचे १०० गुण जमवावे लागतात. किनाऱ्यावर राहणाऱ्याला ती शिबिरे शोधत फिरावे लागते, म्हणून पहिल्या वर्षापासूनच हजेरीची प्रमाणपत्रे एका फाइलमध्ये ठेवावीत. खासगी केंद्र काढायचे असेल तर निवासी रुग्ण ठेवणाऱ्या कोणत्याही जागेला राज्य प्राधिकरणाची नोंदणी लागते हे आधी पाहावे. सुपरव्हिजन शिक्षण संपल्यावरही चालू ठेवावी. शिकवणाऱ्यांपैकी एकाशी पंधरा दिवसांतून एकदा फोनवर तासभर बोलण्याचे परतण्यापूर्वीच ठरवून घ्यावे, त्याचे मानधनही ठरवावे, आणि जुलैत वीज व नेटवर्क दोन्ही जातात हे जमेस धरून त्या महिन्यांसाठी जवळच्या शहरात प्रत्यक्ष भेटीचा दिवस राखून ठेवावा. बोलायला खोली अशी शोधावी की जिच्या बाहेरच्या बाकावर बसलेल्याला आतले ऐकू जाणार नाही. कौलारू घरांत भिंत आढ्यापर्यंत पोहोचत नाही, आणि पहिल्या चार रुग्णांचे बोलणे शेजारच्या खोलीत गेले की पाचवा येत नाही. रात्री-अपरात्री ज्यांना आधार लागेल त्यांच्यासाठी टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक, जो १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लावावा. बाहेरच्या बाजूला लावला तर तो उतरवून घेताना कोणीतरी पाहील या भीतीने लोक त्याकडे बघतही नाहीत.